उलटे अक्षर : सागाच्या ठोकळ्याची एक विसरलेली वाट

गेल्या रमजानमध्ये आम्ही घरच्या घरी ईदकार्डे छापायचे ठरवले. बाजारात ईदकार्डे मिळणे जवळजवळ बंदच झाले आहे. ईदच्या शुभेच्छा आता मोबाइलवरून येतात आणि मोबाइलमध्येच विरून जातात. सुताराकडून सागाचे चार-पाच उरलेले तुकडे आणले, लहान गोल पटाशी आणली, आणि वेवजीच्या आमच्या घराच्या पडवीत बसून पहिला ठसा कोरला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शाई लावली, कागद ठेवला, वाटीच्या बुडाने घासला आणि उचलून पाहिला. चंद्रकोर छान उठली होती, पण ‘ईद मुबारक’ ही अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी उमटली होती. ठशावर अक्षर उलटे कोरावे लागते, ही साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. मुले पोट धरधरून हसली.

त्याच सुमारास एका परिचिताने आमचा हा उद्योग पाहून सहज विचारले, ‘तुमच्यात तर छपाईला बंदी होती ना?’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. कुठेतरी वाचलेले त्यांनी बोलून दाखवले. आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटत होते. म्हणून शोध घ्यायला बसलो. हा शोध दूर इस्तंबूल आणि कैरोपर्यंत गेला खरा, पण त्याची सुरुवात आमच्या पायाखालच्या मातीतच सापडली.

वेवजी हे तलासरी तालुक्यातले, महाराष्ट्राच्या अगदी कडेचे गाव. पलीकडे गुजरातमधल्या सोळसुंब्याची शीव लागते. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्यातली पुष्कळ गावे गुजरातकडे गेली, काही इकडे राहिली. माणसांची भाषा मात्र सरकारी रेघेने तुटत नाही. इथे मराठी, गुजराती आणि वारली एकमेकींच्या अंगणात वावरतात. वेवजीहून थोड्याच अंतरावर, रेघेच्या पलीकडे, संजाण आहे. पारशी बांधव इराणातून आले तेव्हा इथेच प्रथम स्थिरावले, हे सर्वांना ठाऊक आहे. संजाणशी मुस्लिमांचेही तितकेच जुने नाते आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

नवव्या शतकातला अरब इतिहासकार अल-बलाजुरी ‘सिंदान’ नावाच्या बंदराची हकीकत देतो. पुष्कळ अभ्यासक हे सिंदान म्हणजे आपले संजाणच मानतात. फजल बिन माहान नावाच्या माणसाने ते घेतले, तिथे जामा मशीद बांधली आणि खलिफा अल-मामूनला हत्ती नजर केला. पुढे त्याच्या मुलांत भांडण लागले. एक भाऊ मोहिमेवर गेला असता दुसऱ्याने, माहानने, सत्ता बळकावली आणि खलिफा अल-मुअतसिमला भेट म्हणून सागाचे लाकूड पाठवले. एवढे जाड आणि लांब साग कोणी कधी पाहिले नव्हते, असे बलाजुरी लिहितो. भाऊबंदकीत हे राज्य बुडाले. स्थानिक लोकांनी सिंदान परत घेतले. पण मशिदीला त्यांनी हात लावला नाही. ती मुस्लिमांसाठी ठेवली आणि तिथे जुम्याची नमाज होत राहिली. बाराशे वर्षांपूर्वीची ही नोंद आज वाचताना मन थोडे थांबते.

दुसरा पुरावा डहाणू तालुक्यातल्या चिंचणीचा. तिथे सापडलेला एक ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाणच्या मंडलावर ‘मधुमती’ नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता असे त्यात लिहिले आहे. मधुमती हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप. या मुहम्मदने लोकांसाठी विनामूल्य होडीची सोय केली, अन्नछत्र घातले आणि देवीच्या मठाला जमीन दान करण्यास मान्यता दिली. हा लेख तांब्यावर खोदलेला आहे आणि त्याची प्रत एकच. छापील ठशाचा गुण नेमका याच्या उलट. तो स्वतः उलटा राहतो, पण त्याच्यापासून हवी तेवढी सुलटी अक्षरे निघतात.

या टापूचे धन म्हणजे साग. अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. पश्चिम किनाऱ्यावरचे साग इराकमध्ये जहाजांसाठी, तुळयांसाठी आणि दारांसाठी जाई. नवव्या शतकात समर्रा या अब्बासी राजधानीत लाकडावर आणि गिलाव्यावर कोरीव कामाची एक खास पद्धत रूढ झाली. तिच्यात कारागीर हत्यार तिरके धरून उतरती कड कापतो आणि एकच आकृती पुन्हा पुन्हा येत राहते. त्या काळातली सागाची कोरीव दारे आजही संग्रहालयांत आहेत. ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीतला नवव्या शतकातला मिंबर, म्हणजे खुतबा देण्याचा चौथरा, हा आज टिकून असलेला सर्वांत जुना मिंबर मानला जातो. तीनशेच्या वर कोरीव तुकडे जोडून तो बनवला आहे, आणि त्याचे लाकूड हिंदुस्थानी साग आहे. पटाशी तिरकी धरून आम्ही पडवीत जी कड कापत होतो, तीच युक्ती तिथे अकराशे वर्षांपूर्वी झाली होती.

लाकूड कोरणे वेगळे आणि कोरलेल्या लाकडाने छापणे वेगळे, असे कोणी म्हणेल. ते बरोबरच आहे. पण छापण्याची कलाही याच समुद्रावरून ये-जा करत होती. कैरोच्या जुन्या वस्तीत, फुस्तातमध्ये, उकिरड्याच्या थरांतून सुती कापडाचे हजारो तुकडे निघाले. त्यांपैकी पुष्कळ गुजरातेत ठशांनी छापलेले आहेत. ऑक्सफर्डच्या अॅश्मोलियन संग्रहालयातच सुमारे बाराशे तुकडे आहेत, आणि रूथ बार्न्स यांनी त्यांची सविस्तर सूची १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतले काही तुकडे नवव्या-दहाव्या शतकाइतके जुने ठरले आहेत. निळीचा निळा आणि मंजिष्ठासारख्या मुळांचा लाल, हे त्यांचे मुख्य रंग. काही जागी आधी ठशाने मेण किंवा लेप लावायचा, म्हणजे रंग तिथे चढत नाही. काही जागी तुरटीचा किंवा लोखंडाचा क्षार छापायचा, म्हणजे रंग तिथेच घट्ट धरतो.

हे कापड बादशहांचे नव्हते. सूत जाडेभरडे, कुठे ठिगळ लावलेले, कुठे शिवण उसवलेली. साध्या घरातल्या बायकापोरांनी ते अंगावर झिजवले आणि फाटल्यावर फेकून दिले. आपल्या किनाऱ्याच्या ठशाची वेलबुट्टी नाईलच्या काठी रोजच्या वापरात होती. इतिहासात राजांच्या तलवारी जपून ठेवल्या जातात. गरिबाच्या ओढणीला उकिरड्याने जपले.

आणि त्याच इजिप्तमध्ये ठशाने कागदावर अक्षरेही छापली जात होती. इथे आमच्या परिचिताच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकातल्या लांबट, अरुंद कागदी पट्ट्या सापडल्या आहेत. त्यांवर कुरआनच्या आयती, अल्लाहची नावे, दुआ आणि कधी सुलेमानी तारा असे छापलेले आहे. घडी करून ताईतात घालायच्या या पट्ट्या. हाताने लिहिलेल्या नव्हेत, ठशाने उमटवलेल्या. व्हिएन्ना, केंब्रिज, न्यूयॉर्क इथल्या संग्रहांत त्या आज पाहायला मिळतात. कार्ल शेफर यांनी त्यांवर २००६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी १९८७ मध्ये रिचर्ड बुलिएट यांनी एका जुन्या शब्दाकडे लक्ष वेधले होते. तो शब्द ‘तर्श’. दहाव्या शतकातला कवी अबू दुलफ आणि चौदाव्या शतकातला सफीउद्दीन अल-हिल्ली यांनी भिकारी, फिरस्ते आणि भोंदू लोकांच्या गुप्त बोलीवर कविता रचल्या. त्यांत तावीज छापण्याच्या साच्यासाठी हा शब्द येतो.

म्हणजे गुटेनबर्गचा छापखाना पंधराव्या शतकाच्या मध्यास निघाला, त्याच्या काही शतके आधी अरबी अक्षरे कागदावर छापली जात होती. पण कोण छापत होते? उलेमा नव्हेत, दरबारचे खुशनवीस नव्हेत. रस्त्यावर तावीज विकून पोट भरणारी माणसे छापत होती. विद्वानांनी त्यांना फसवे म्हटले, आणि त्यांच्यात फसवे होतेही. तावीज विकून दुःखी माणसाकडून पैसे काढणे काही चांगले काम नव्हे. त्याची वकिली आम्ही करणार नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कातिबाकडून लिहून घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाच्या हाती चार अक्षरे पडली, ती या हलक्या समजल्या गेलेल्या ठशामुळे. आपल्या प्रतिष्ठितांनी ज्या कलेकडे तुच्छतेने पाहिले, तिची नोंद आपल्या इतिहासातही राहिली नाही. आणि नोंद नाही म्हणून पुढे जगाने ठरवून टाकले, की यांच्यात छपाई नव्हतीच.

दरबाराने एकदा हा प्रयोग करून पाहिला. १२९४ मध्ये तबरेजला इलखानी बादशहा गैखातू याने चीनच्या धर्तीवर कागदी चलन काढले. नोटांवर कलमा होता, चिनी अक्षरेही होती, आणि त्या ठशानेच छापल्या होत्या. बाजाराने त्या घेतल्या नाहीत, दुकाने बंद झाली, आणि दोनेक महिन्यांत चलन मागे घ्यावे लागले. वजीर रशीदुद्दीन याने पुढे आपल्या इतिहासग्रंथात चीनमधल्या लाकडी ठशांच्या छपाईचे स्पष्ट वर्णन केले. चीनमध्ये ही कला फार जुनी होती. तिथला ८६८ सालचा ठशांनी छापलेला बौद्ध ग्रंथ आजही आहे. तेव्हा ही विद्या आपल्या विद्वानांना माहीत नव्हती असे नाही.

मग बंदीचे काय? उस्मानी सुलतान दुसरा बायजीद याने १४८५ मध्ये फर्मान काढून छपाईला मृत्युदंड ठेवला, अशी कथा पुस्तकापुस्तकांतून येते. परंतु ते मूळ फर्मान आजवर कोणी दाखवलेले नाही, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी ही कथा युरोपीय प्रवाशांच्या ऐकीव मजकुरावर उभी असल्याचे दाखवून दिले आहे. इस्तंबूलमध्ये १४९३ मध्ये यहुद्यांचा छापखाना होता, ही मात्र पक्की नोंद आहे. इब्राहिम मुतफर्रिका याला १७२७ मध्ये छापखान्याची परवानगी मिळाली ती शेखुल-इस्लामच्या फतव्यासह. धर्मग्रंथ मात्र त्यातून वगळले होते. १७२९ मध्ये त्याचे पहिले पुस्तक निघाले, आणि तो एक शब्दकोश होता.

याचा अर्थ आपल्याकडून उशीर झालाच नाही असा नव्हे. उशीर झाला, आणि त्याची किंमत आपण मोजली. सुंदर हस्ताक्षराचे प्रेम, कातिबांची रोजीरोटी, जोडाक्षरी लिपीची अडचण, उच्चभ्रूंची बेफिकिरी, अशी अनेक कारणे त्यामागे होती. ‘धर्माने मना केले’ एवढ्या एका वाक्यात तो इतिहास मावत नाही. आपल्या शेजाऱ्यांचेही पाहा. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. पण मराठीचे व्याकरण देवनागरीसह छापून निघाले ते १८०५ मध्ये, दूर बंगालमधल्या श्रीरामपूरला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. मराठीलाही वाट पाहावी लागलीच. मुंबईत उर्दू-फारसीचीही सोय शिळाप्रेसनेच केली, कारण तिथे कातिबाचे हस्ताक्षर जसेच्या तसे दगडावर उतरत असे. तिथे दगड सपाट असतो, काही उंच-सखल कोरावे लागत नाही. ठशाची वाट मात्र कापडावर चालू राहिली.

कापडावर ती आजही चालू आहे, आणि पुष्कळशी आपल्याच माणसांच्या हाती आहे. कच्छमध्ये धमडका आणि अजरखपूर इथले मुस्लिम खत्री अजरख छापतात. २००१ च्या भूकंपाने धमडका उद्ध्वस्त झाले, पाण्याची पत बिघडली, तेव्हा त्यांनी पाणी शोधून अजरखपूर नव्याने वसवले. एक अजरख पुरी व्हायला चौदा-सोळा पायऱ्या लागतात. कच्छी अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अहमदाबादच्या छिपा बिरादरीचे तर नावच छपाईवरून पडले. त्यांचे ठसे कोरणारे कारागीर मात्र बहुतेक हिंदू. गांधीनगरजवळचे पेथापूर त्यासाठी प्रसिद्ध. सागाचा तुकडा घासून सपाट करायचा, पांढरा रंग लावायचा, त्यावर नक्षी उतरवायची, लहान पटाश्यांनी कोरायची आणि मग ठसा तेलात मुरत ठेवायचा. बाह्यरेषेच्या ठशाला ‘रेख’, पार्श्वभूमीच्या ठशाला ‘गद’ आणि आत भरायच्या रंगाच्या ठशाला ‘दत्ता’ म्हणतात. तिन्ही एकमेकांवर केसभरही न चुकता बसले, तरच फूल पुरे होते. हिंदू हाताने कोरायचे, मुस्लिम हाताने छापायचे, आणि ती ओढणी कोणत्याही घरी जायची. यावर भाष्य करायची गरज नाही.

या साखळीतला पहिला हात मात्र सर्वांत विसरलेला आहे. आमच्या भागातला साग तोडला तो वारल्यांनी. जंगल ठेकेदार आणि जमीनदार यांनी त्यांना वेठीला धरले. १९४५ मध्ये याच तलासरी तालुक्यातल्या झरी गावी सभा झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, आणि त्यासाठी त्यांनी गोळ्याही झेलल्या. सागाचा गुळगुळीत ठोकळा हातात घेताना हे आठवले पाहिजे.

त्या काळात मुंबईत एक माणूस घरच्या घरी ठसे कोरू लागला होता. त्याचे नाव चित्तप्रसाद. बंगालच्या दुष्काळावरचे त्याचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक १९४३ मध्ये निघाले आणि इंग्रजांनी त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. १९४६ मध्ये तो मुंबईला आला, पुढे पक्षाच्या कामापासून दूर झाला आणि अंधेरीच्या एका खोलीत एकटा राहू लागला. छापखाना नव्हता, पैसा नव्हता. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचा जाड मऊ पत्रा. तो कोरायला लाकडापेक्षा सोपा आणि स्वस्त. त्यावर चित्तप्रसादने कष्टकरी पोरांची चित्रे कोरली. शाळेऐवजी कामाला जुंपलेली, तान्ह्या भावंडाला सांभाळणारी, फूटपाथवर निजणारी मुले. पऱ्यांच्या गोष्टी ज्यांना कधी मिळाल्या नाहीत अशा मुलांची ही चित्रमाला १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. पुस्तकरूपाने ती १९६९ मध्ये निघाली, तीही डेन्मार्कच्या युनिसेफ समितीकडून. चित्तप्रसाद १९७८ मध्ये गेला. त्याच्याही आधी, १९३० मध्ये, नंदलाल बोस यांनी दांडीला निघालेल्या गांधीजींचे काळ्यापांढऱ्यातले लिनोकट केले होते. एक काठी, एक वाकलेला पण न थांबणारा देह. दांडी आमच्याच किनाऱ्यावर, थोडी उत्तरेला.

या दोघांमुळे आम्हाला घरच्या छंदाचे मोल कळले. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. सुताराकडचा साग नाही तर लिनोचा तुकडा. तोही नाही तर बटाटा, आणि मुलांसाठी आडवी कापलेली भेंडी. भेंडीच्या चकतीचे फूल कुठल्याही कारागिराला लाजवील असे उठते. साग कोरताना रेषा उभ्या धाग्याच्या दिशेने सोपी जाते, आडवी कापताना तुटते. म्हणून बारीक अक्षर कोरताना घाई करू नये. हत्यार नेहमी स्वतःपासून दूर ढकलावे, दुसरा हात त्याच्या मागे ठेवावा. शाई थोडीच लावावी, नाहीतर खोबणी भरतात. कागद ठेवून वाटीने किंवा चमच्याने गोल गोल घासावे आणि एक कोपरा उचलून पाहावे.

दुसऱ्या खेपेला आम्ही अक्षरे पातळ कागदावर लिहिली, कागद पालथा घातला आणि मग कोरले. कार्डावर ‘ईद मुबारक’ दोनदा हवे होते, एकदा मराठीत आणि एकदा उर्दूत. कोरून झाल्यावर ठोकळा समोर ठेवून आम्ही सगळे पाहत बसलो. ठशावर सारेच उलटे. त्यामुळे उर्दू डावीकडून उजवीकडे निघाली होती, मराठीसारखी. आणि मराठी उजवीकडून डावीकडे आली होती, उर्दूसारखी. धाकटीने विचारले, ‘मग यातली आपली कुठली?’

आयुष्यभर हा प्रश्न आपल्याला निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला आहे. मराठी बोलता तर मुस्लिम कसे, मुस्लिम आहात तर मराठी कसे. तिला आम्ही काही सांगितले नाही. ठशाला शाई लावली, कागद ठेवला, आणि तिच्याच हाती वाटी दिली. तिने घासले, कागद उचलला. दोन्ही अक्षरे आपापल्या दिशेने सुलटी उभी होती, एकाच लाकडाची, एकाच शाईची.

त्या दिवशी तीस कार्डे छापली. काही फिकी आली, दोन कलली, एकावर धाकटीचा अंगठा उमटला. ते कार्ड वाया गेले म्हणून बाजूला ठेवले होते. मग वाटले, हजार वर्षांत इतक्या हातांनी छापले आणि एकाचेही नाव उरले नाही. हा अंगठा राहू द्यावा. ते कार्ड आम्ही त्या परिचितालाच पाठवले.